संघटना कुणाची : पावतीची की मतपेटीची?

कारखान्यात एकापेक्षा जास्त कामगार संघटना असतील तर मालकाने बोलणी कुणाशी करावी, हा प्रश्न वरवर मालकाचा वाटतो. खरे तर तो मागावर उभ्या असलेल्या माणसाचा आहे, आणि त्या कारखान्यात ज्याचा माल अडकून पडतो त्या व्यापाऱ्याचाही आहे. त्याला दोन उत्तरे दिली जातात. ज्या संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या जास्त ती खरी, हे एक. सर्व कामगारांचे गुप्त मतदान घ्यावे आणि पेटीतून जे निघेल ते मानावे, हे दुसरे. आज या पानावर या दोन उत्तरांचा अभ्यास करावयाचा आहे. आपल्या वाचकांत लूमवाले, प्रोसेसवाले, ग्रे मालाचे व्यापारी आणि स्वतः माग चालविणारे कारागीर असे सर्व आहेत. म्हणून उदाहरणे शक्यतो कापडधंद्यातीलच घेतो.

प्रथम मुंबईच्या गिरण्या पाहू, कारण पावतीच्या पद्धतीची सर्वांत मोठी परीक्षा तेथेच झाली. १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री होते. त्याआधी अनेक वर्षे ते अहमदाबादच्या मजूर महाजनात काम करीत होते. तेथील विचार असा होता की, एका धंद्यात एकच संघटना असावी, तिने मालकाशी बसून बोलावे, जमले नाही तर लवादाकडे जावे, आणि संप शेवटचा. हेतू चांगला होता. त्याप्रमाणे कायद्यात ‘प्रातिनिधिक संघटना’ ही कल्पना आली. एखाद्या शहरातील त्या धंद्याच्या एकूण कामगारांपैकी २५ टक्के कामगार ज्या संघटनेचे वर्गणीदार, ती प्रातिनिधिक. एकदा हा शिक्का मिळाला की, त्या धंद्यातील सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क तिचाच. जो कामगार तिचा सभासद नाही त्याच्या पगाराचा करारही तीच करणार.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, २५ टक्के म्हणजे चारात एक. बाकीचे तीन नाखूश असले तरी चालते. दोन, हिशेब एका गिरणीचा नव्हे, सगळ्या शहराचा. एका गिरणीतील सर्वच्या सर्व कामगार विरोधात गेले तरी त्या गिरणीत संघटना बदलत नाही. नव्या संघटनेला हक्क मिळवायचा तर शहरभर हिंडून पावत्या फाडाव्या लागतात, त्या अनेक महिने सांभाळाव्या लागतात, आणि मग रजिस्ट्रारसमोर सिद्ध कराव्या लागतात. साठएक गिरण्या, अडीच लाख कामगार आणि तीन पाळ्या असा तो पसारा होता.

मुंबईच्या गिरण्यांत हा शिक्का इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि तो त्याच्याकडेच राहिला. साचेखात्यातील मदनपुऱ्याचे मोमीन विणकर असोत की कोकण व घाटावरून आलेले मराठा कामगार, बोनसचा करार होई तो या संघाच्या सहीने. १९८१ च्या दिवाळीला बोनसवरून असंतोष उसळला. कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून संप सुरू झाला. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि तिसरी मागणी होती ती १९४६ चा कायदा रद्द करण्याची. लोक ही तिसरी मागणी विसरतात. अडीच लाख माणसे घरी बसली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या नावाने बोलणारी संघटना दुसरीच होती. सामंतांशी बोलणे मालकांवर बंधनकारक नव्हते, आणि ज्यांच्याशी बोलणे कायदेशीर होते त्यांचे कामगार ऐकत नव्हते. पुन्हा गंमत अशी की, पगार बंद असलेल्या माणसाने वर्गणी भरून आपला कौल सिद्ध करावा, अशी या पद्धतीची अपेक्षा. घरात पीठ नाही तेथे पावतीला पैसा कोठून येणार?

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. त्या काळात आपल्या भिवंडीच्या लूमना काम मिळाले, हे खरे आहे. कित्येक गिरण्यांनी ग्रे माल बाहेर विणून घेतला. आपल्यातील काहींची भरभराट त्या दिवसांत सुरू झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परळ-लालबागची बाजारपेठ बसली, आणि गिरणीच्या पगारावर गावी मनिऑर्डर पाठविणारी हजारो घरे उघडी पडली. त्यांत आपली घरेही होती.

१९८१ च्या दिवाळीनंतर गिरण्यांत साधे गुप्त मतदान झाले असते तर काय झाले असते? जुनी यंत्रे, जमिनीचे चढते भाव आणि लूमची स्पर्धा यांमुळे काही गिरण्या तरीही बंद पडल्या असत्या. पण माझे मत असे की, बोलणी कुणाशी करायची हा घोळ पंधरा दिवसांत मिटला असता, आणि बोलणी पगारावर झाली असती. सौद्यात समोरचा माणूस खरा मालाचा मालक आहे की मधला दलाल, हे आधी कळले पाहिजे. मालक समजून दलालाशी ठरविलेला भाव टिकत नाही.

महाराष्ट्राने दुसरा कायदा केला तो १९७१ साली : कामगार संघटनांना मान्यता देण्याचा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा. तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. येथे हिशेब शहराचा नसून एका कारखान्याचा धरला, ही सुधारणा झाली. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, सलग सहा महिने ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेने औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करावा. दुसरी संघटना आडवी आली तर जिचे सभासद जास्त तिला मान्यता. म्हणजे कसोटी पुन्हा पावतीचीच. तपासणी अधिकारी यायचा, रजिस्टर बघायचा, पावतीपुस्तके बघायचा, कामगारांना विचारायचा.

मग मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात प्रश्न निघाला की, दोन संघटनांत वाद आहे तर सरळ मतदान का घेऊ नये? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कामगारांच्या त्या खटल्यात १९९० साली निकाल लागला की, या कायद्याखाली मान्यता द्यायची तर कायद्याने सांगितलेल्या पडताळणीनेच दिली पाहिजे. दोन्ही बाजू राजी असल्या तरी न्यायालयाला मतदानाने मान्यता देता येणार नाही. निकाल कायद्याच्या शब्दाला धरून होता, त्यावर आपण काय बोलणार? पण याच १९७१ च्या कायद्यात दुसरीकडे असे कलम आहे की, मान्यताप्राप्त संघटनेने संपाची नोटीस देण्यापूर्वी आपल्या सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला पाहिजे; नाहीतर संप बेकायदा. म्हणजे संप करावा की नाही हे मत देऊन ठरवायचे, आणि संप करणारी संघटना कोणती हे पावती मोजून! ही विसंगती कामगारालाही समजते.

असे नाही की कुणी सुचविलेच नव्हते. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला राष्ट्रीय श्रम आयोग नेमला गेला. त्याने १९६९ च्या अहवालात दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या : प्रकरण पाहून वर्गणीदारांची पडताळणी करावी किंवा सर्व कामगारांचे गुप्त मतदान घ्यावे. संघटनांत मात्र फूट होती. इंटकला पडताळणी हवी होती; आयटक आणि हिंद मजदूर सभा मतदान मागत होत्या. ज्याच्याकडे आधीपासून शिक्का आणि पावतीपुस्तके, तो पावतीच्या बाजूचा. ज्याला आत शिरायचे आहे, तो पेटीच्या बाजूचा. उसूल दोघांच्याही तोंडी होते.

याची साक्ष पाहायची असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे सगळे उलटे आहे. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने तेथे राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ स्थापन झाले. कारखान्यातील ३० टक्के कामगारांनी कार्डावर सही करून मागणी केली की मंडळ गुप्त मतदान घेते, आणि पडलेल्या मतांत बहुमत मिळाले तर संघटनेला मान्यता. आता तेथे संघटना म्हणतात की, निम्म्याहून अधिक कामगारांनी कार्डावर सही केली तर तेवढ्यावरच मान्यता द्या, मतदान नको. आणि मालक म्हणतात, नाही, गुप्त मतदान हा कामगाराचा पवित्र हक्क आहे! कामगारांच्या हक्काबद्दल मालकांना इतका कळवळा का? कारण मागणी झाल्यापासून मतदानापर्यंत जे आठवडे जातात त्यांत मालकाला हात-पाय हलविता येतात. कामगारांना सभेला बसवून समजावणे, कारखाना हलवू अशी कुजबुज पसरविणे, पुढाऱ्याला वेचून काढणे, हे सर्व पेटी येण्यापूर्वी होऊन जाते. संघटनांच्या बाजूचा कायदा २००७ साली तेथील खालच्या सभागृहात मंजूर झाला, पण सिनेटमध्ये अडकला. २००९ साली पुन्हा आणला, तोही पार पडला नाही.

टेनेसी राज्यात चॅटनूगा येथे फोक्सवॅगनचा मोटार कारखाना आहे. तेथे २०१४ साली गुप्त मतदान झाले : संघटनेच्या बाजूने ६२६, विरुद्ध ७१२. २०१९ साली पुन्हा झाले : ७७६ विरुद्ध ८३३, संघटना पुन्हा हरली. एप्रिल २०२४ मध्ये तिसऱ्यांदा झाले, तेव्हा संघटनेला २,६२८ मते आणि विरोधात ९८५. कारखाना तोच, पेटी तीच. मतदानाने संघटना मरत नाही आणि केवळ मतदानाने ती येतही नाही. पण दर वेळी किती माणसे कुठे उभी आहेत, हे आकड्यात दिसले. पावतीच्या पद्धतीत हे आकडे असे स्पष्ट कधी दिसत नाहीत.

आता पावतीच्या पद्धतीतील दुखणे व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. पावती म्हणजे बिल. बिल आहे म्हणून माल गेलाच असे आपण मानत नाही. गोदाम बघतो, ताके मोजतो. माझ्या माहितीतील एका प्रोसेस हाऊसमध्ये दोन संघटनांनी सभासदांच्या याद्या दिल्या, तर दोन्हींची बेरीज कारखान्यातील एकूण माणसांपेक्षा मोठी निघाली. यात सगळी बेइमानीच होती असे नाही. पुष्कळ कामगारांनी दोन्हीकडे वर्गणी भरली होती, कारण एक मुकादम या बाजूचा आणि दुसरा त्या बाजूचा. दोघांनाही तोंड द्यायचे असते. महिन्याला थोडे पैसे देऊन शांतता विकत घेतली, इतकेच. या पावतीला कौल कसे म्हणावे? काही ठिकाणी तर वर्गणी कामगाराच्या खिशातून जातच नाही. पुस्तक कार्यालयात बसून भरले जाते. आणि मालकाच्या मर्जीतील संघटना असेल तर पगाराच्या दिवशी खिडकीतच वर्गणी कापली जाते. तेथे नाही म्हणायची छाती किती जणांची?

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली फूड कॉर्पोरेशनच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात वेगळी वाट दाखविली. तेथे महामंडळ आणि संघटना दोघेही मतदानाला तयार होते, आणि आड येणारा राज्याचा कायदा नव्हता. न्यायालयाने पगारातून वर्गणी कापून सभासद मोजण्याच्या पद्धतीचा भरवसा ओसरल्याचे नमूद केले आणि गुप्त मतदान कसे घ्यावे याची पायरीवार रीत घालून दिली : तटस्थ निर्वाचन अधिकारी, आधी जाहीर झालेली मतदारयादी, प्रत्येक संघटनेला निशाणी, सर्वांसमोर मोजणी. रेल्वेत पहिले असे मतदान २००७ साली झाले, मग २०१३ साली आणि त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये. लाखो कर्मचारी आणि देशभर पसरलेली स्थानके असूनही ते पार पडले. तेव्हा हे जमणारच नाही, असे म्हणण्याला जागा उरत नाही.

पेटीच्याही खोडी आहेत, त्या झाकून ठेवू नयेत. वर्गणी भरणारा महिन्यामहिन्याला विचारतो की माझ्या पैशाचे काय केले. मत देणारा एक दिवसाचा राजा असतो. नंतर संघटनेच्या तिजोरीत काही नसते आणि पुढारी बाहेरून पैसा आणतो. इंटकवाले हे म्हणत आले, आणि त्यात तथ्य आहे. दुसरे, निवडणूक आली की ‘आपला माणूस’ येतो. ज्या कारखान्यात दोन-तीन बिरादऱ्या, दोन धर्म, दोन प्रांतांचे कामगार आहेत तेथे पगाराचा प्रश्न बाजूला पडून जात-धर्मावर पत्रके निघतात. भिवंडी-मालेगावात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तिसरे, लहान जागेत गुप्तता राहत नाही. बारा माणसांच्या शेडमध्ये पेटीतून अकरा चिठ्ठ्या एका बाजूच्या आणि एक दुसऱ्या बाजूची निघाली, तर ती एक कुणाची हे चहा येईपर्यंत सगळ्यांना कळते.

आपल्यातील काही बुजुर्ग एक वेगळा आक्षेप घेतात. मत ही शहादत आहे असे उलेमा सांगतात; मग गवाही लपवून कशी द्यायची? हा आक्षेप मनापासूनचा आहे. पण येथे मत लपत नाही. ते पेटीतून बाहेर पडते आणि मोजले जाते. झाकले जाते ते नाव, तेही दुबळ्याला जबरदस्तापासून वाचविण्यासाठी. हजरत उमर (रजि.) यांनी सहा जणांकडे खिलाफतीचा निर्णय सोपविला तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी तीन दिवस मदिन्यातील लोकांचा मश्वरा घेतला; लोकांना एकेकटे गाठूनही विचारले, असे इतिहासकार लिहितात. बैत मग मस्जिदीत सर्वांसमोर झाली. एकांतात मन जाणून घेणे आणि उघड्यावर निर्णय जाहीर करणे, या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात.

आता सध्याची स्थिती. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या १४ व्या कलमाप्रमाणे कारखान्यात एकच नोंदलेली संघटना असेल तर बोलणी तिच्याशी. अनेक असतील तर मस्टरवरील ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा जिला, ती एकटी वाटाघाटी करणार. कुणालाच ५१ टक्के नसतील तर २० टक्के किंवा अधिक पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद. ही मान्यता तीन वर्षे. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर एकूण पाच वर्षांपर्यंत. चारात एक, दहात तीन, असे करत शेवटी निम्म्याहून अधिक, हे अंतर कापायला पाऊणशे वर्षे लागली. पाठिंबा कसा पडताळायचा हे मात्र कलमाने स्वतः सांगितलेले नाही, नियमांवर सोपविले आहे. तेव्हा पावती की पेटी हा वाद नियमांच्या पानावर येऊन बसतो. धंद्याच्या मंडळांनी आणि कामगारांनी नियम वाचले पाहिजेत; नुसते कलम वाचून काम होणार नाही.

कारखानदार वाचकांसाठी एक इशारा. दोन संघटना दारात आल्या की आपल्यातील कित्येक जण ‘जरा समजूतदार’ वाटणाऱ्या संघटनेला हळूच हात देतात. ऑफिसला खोली, वर्गणीला सवलत, तिच्या माणसांना ओव्हरटाइम. १९७१ च्या कायद्याच्या अनुसूचीत ही अनुचित प्रथा म्हणून लिहिली आहे, आणि नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. मालकाने संघटना उभी करणे, मान्यता नसलेल्या अनेक संघटनांपैकी एकीला झुकते माप देणे, संघटना बांधली जात असताना ती फोडण्यासाठी नेमकी तेव्हाच पगारवाढ देणे, कारखाना बंद करण्याची धमकी देणे, हे सर्व त्यात येते. कायद्याचे सोडा, धंद्याच्या हिशेबानेही हे महाग पडते. पोसलेल्या संघटनेशी केलेला करार कामगार मानत नाहीत, आणि काम नेमके रमजानच्या आधी, ईदचा माल रंगाईला पडलेला असताना बंद पडते. तेव्हा नुकसान कारखानदाराचे होते आणि ज्याचे पाच-पन्नास हजार मीटर कापड आत अडकले त्या व्यापाऱ्याचेही होते. त्याला तर कुणी विचारलेलेही नसते.

कारागीर वाचकांसाठी यातला सर्वांत मोठा शब्द आहे ‘मस्टर’. ५१ टक्के मोजायचे ते मस्टरवरील नावांचे. लूमच्या धंद्यात मीटरवर काम करणारा विणकर, कांडीवाला, घडीवाला, जॉबरने आणलेला पोरगा, यांतील किती जणांचे नाव कुठे लागलेले असते? चोवीस लूमची शेड बापाच्या, दोन मुलांच्या आणि सुनेच्या नावाने चार ठिकाणी दाखविली जाते, हेही आपल्याला माहीत आहे. ज्याचे नाव हजेरीबुकात नाही त्याच्या हाती पावती असो की मतपत्रिका, ती मोजणीत येत नाही. कायद्याप्रमाणे संघटना नोंदवायला किमान ७ सभासद लागतात आणि कारखान्यातील १० टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा लहान तेवढे कामगार. पण ते कामगार आहेत हे दाखविणारा कागदही लागतो. म्हणून संघटना कोणती, या वादात शिरण्याआधी कारागिराने पगाराची चिठ्ठी मागावी, विम्याचा नंबर मागावा, बँकेत पगार जमा करून घ्यावा. मतदारयादी लागेल तेव्हा तीत आपले नाव स्वतः जाऊन वाचावे, आणि नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.